खोलीतला मऊ भात: 600 वॅटच्या मल्टी केटलची पारख

पुण्यातल्या तापकीर गल्लीत 1.2 लिटरची, 600 वॅटची मल्टी केटल (जिच्यात शिजवताही येतं अशी विजेची केटल) साधारण हजार-दीड हजारात मिळते. सहलीत दोन माणसांचा नाश्ता आणि रात्रीचा मऊ भात ती नीट निभावते. दुपारचं जेवण मात्र तिच्यावर ढकलू नये. फिरायचं सोडून लॉजच्या खोलीत भाताला पहारा देण्यापेक्षा थाळी परवडते.

घेताना आधी वॅट बघा. 1500 वॅटची केटल साडेसहा अँपिअर ओढते आणि खोलीतलं लहान सॉकेट असतं सहाचं. 600 वॅटला तीनसुद्धा लागत नाहीत. फक्त लिटरभर पाणी उकळायला दहा-अकरा मिनिटं जातात. तोंड हात आत जाईल एवढं रुंद हवं, नाहीतर तळ घासता येत नाही. वायर बहुधा मीटरभरच असते आणि सॉकेट निघतं टीव्हीमागे. म्हणून जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड न्या, केटल गादीवर टेकवू नका. सोबत मिळणारी प्लॅस्टिकची जाळी अंड्यांपुरती बरी, बाकी अडगळ.

खिचडीला अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. पाणी साडेतीन वाट्या (वाटी 150 मिलीची). उकळी आली की बटण कमीवर, पंधरा मिनिटं, मधून दोनतीनदा तळापासून ढवळून. मग बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. भांडं अर्ध्याच्या वर भरलं तर फेस झाकणाच्या भोकातून उतू जातो आणि थेट बुडाच्या जोडणीत उतरतो. पाणी कमी घातलं तर वेगळीच गंमत: थर्मोस्टॅटला फक्त तळ कळतो. घट्ट खिचडी खाली लागते, तळ तापला म्हणून केटल बंद पडते आणि वरचे दाणे टचटचीत राहतात. पिठल्याचं तर नावच काढू नका.

तूरडाळही नको, प्रेशरशिवाय ती शिजायला फार वेळ घेते. महाबळेश्वरला तर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. तिथे मूगडाळीलासुद्धा दहा मिनिटं जास्त द्या.

खरं काम पुण्यातच उरकायचं. खोलीत फोडणी केली की धुराचा अलार्म वाजतो आणि वास पडद्यांना धरतो. रवा घरीच भाजून त्यात फोडणी घाला, कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्या, गार झाल्यावर डब्यात भरा. खोलीत अडीच वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणा, केटल बंद करा, एक वाटी रवा भुरभुरवत ढवळा, आठ मिनिटं झाकून ठेवा. बंद केटलीत उपमा लागत नाही. रात्रीसाठी मेतकूट आणि तुपाची छोटी बरणी असली की भाताला आणखी काही लागत नाही.

बऱ्याच लॉजवर खोलीत शिजवायला मनाई असते, बुकिंगच्या वेळीच विचारा. हॉटेलच्या चहाच्या केटलीत दूध किंवा मॅगी उकळू नका. ती वाफेवर बंद होते, तोवर दूध उतू गेलेलं असतं. रेल्वेच्या डब्यातही केटल लावायला बंदी आहे.

धुताना बूड बेसिनमध्ये बुडवायचं नाही. कोमट पाणी ओतून शितं सुटू द्या, गाळून कागदात बांधा आणि कचऱ्यात टाका. बेसिनमध्ये गेली की तुंबलंच. खारट पाणी रात्रभर आत राहिलं तर स्टीलवर बारीक टिंबं उठतात, ती मग निघत नाहीत.