मॅन्युफॅक्चर्ड होमचं दार: एकेरी की जाळीसकट?

टेक्सास-फ्लोरिडाकडे कारखान्यात बांधून आणलेलं जुनं घर घेतलं की डासांसाठी जाळीचं दार बसवावंसं वाटतंच. पण आधी मूळ दार कुठल्या बाजूला उघडतं ते पाहा. अशा घरांची बरीच एकेरी दारं बाहेर उघडतात, मग त्यांच्यापुढे जाळीचं दार लावणार कुठे? एकेरी दार स्वस्त आणि हलकं. मागच्या बाजूला ते पुरतं.

दुसरा पर्याय कॉम्बिनेशन डोअर. एकाच चौकटीत दोन दारं: भरीव दार आत उघडतं, काच-जाळीचं बाहेर. किंमत जास्त, शिवाय आत दार फिरायला जागा मोकळी हवी. तरीही पुढच्या बाजूला मी हेच घेईन. संध्याकाळी आतलं दार सताड उघडं ठेवून वारा घेता येतो, आणि उकाड्याच्या प्रदेशात हे सुख फार मोठं आहे.

मापात मात्र फसू नका. नेहमीच्या घराचं दार बहुधा ३६ बाय ८० इंच असतं. इथे ३४ बाय ७६ सर्रास आढळतं. जुनी चौकट निघाल्यावर भिंतीत उरणाऱ्या मोकळ्या जागेचं माप धरा. न्हाणीघरातला टब बदलतानाही तेच: तो ६० ऐवजी ५४ इंची असू शकतो.