चिंकारा रोडस्टर : नाशिकच्या रस्त्यांवरील वापरानंतरचा अनुभव
अलिबागजवळ एका दांपत्याने उभारलेल्या लहानशा कारखान्यात हाताने बांधलेली चिंकारा रोडस्टर ही उघडी, दोन आसनी स्पोर्ट्स कार मी सेकंडहँड घेतली आणि पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत नाशिकमध्ये नियमित चालवली. ब्रिटिश अभियंता कॉलिन चॅपमन यांच्या 1957 च्या लोटस सेव्हन या हलक्या स्पोर्ट्स कारचा आदर्श समोर ठेवून ती घडवलेली आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरची बॉडी, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि चैनीच्या वस्तूंना जवळजवळ पूर्ण फाटा, असा हा साधा मामला आहे.

इंजिन 1.8 लिटरचे इसुझू पेट्रोल, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सने अ‍ॅम्बॅसॅडरला बसवलेले. अ‍ॅम्बॅसॅडरचा अवजड देह ओढणारे हे इंजिन इतक्या हलक्या गाडीत बसल्यावर किती मोकळे होते, ते दिंडोरी-वणीमार्गे सापुताऱ्याचा घाट चढताना कळते. गिअर बदलण्याची घाई करावी लागत नाही आणि वळणावर पुढच्या चाकांखालचा रस्ता स्टिअरिंगमधून थेट हाताला जाणवतो. अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले असले, तरी नाशिकच्या द्वारका परिसरातील जुन्या दुकानदारांकडे चौकशी केल्यावर गॅस्केटसारख्या वस्तू मिळाल्या.

टायरमधील हवेकडे मात्र बारीक लक्ष द्यावे लागते. पंपावरील मुलाने सवयीने 32 पीएसआय भरली की गाडी प्रत्येक खड्ड्यावर उसळते, कारण टायर दाबायला पुरेसे वजनच नसते. 24 च्या आसपास आणल्यावर पकड आणि बसण्याचे सुख दोन्ही सुधारले.

सर्वाधिक शिकवले ते फायबरने. द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने मागच्या मडगार्डवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले. नाशिकच्याच अंबडमधील एका फायबर कारागिराने तडे गेलेला भाग घासून काढला, आतल्या बाजूने काचतंतूंची मॅट व ती घट्ट धरणाऱ्या रेझिनचे थर चढवले, पूर्ण सुकू दिले आणि मगच वरून जेलकोट, म्हणजे फायबरचा गुळगुळीत बाहेरचा थर, लावला. हाताने केलेली वस्तू हातानेच पूर्ववत झाली, आणि याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

रोजच्या कामासाठी ही गाडी घेऊ नये. कॉलनीतील मनमानी उंचीचे स्पीडब्रेकर तिरके ओलांडावे लागतात, श्रावणातील संततधारेत त्र्यंबकेश्वरला जाणे म्हणजे भिजणेच, आणि एप्रिलच्या दुपारी इंजिनाची धग पायांना लागते. मला हे सारे मान्य आहे, कारण तिच्यातील प्रत्येक नट हाताशी येतो.

सेकंडहँड घेणाऱ्याने रंगावर जाऊ नये. गाडी रॅम्पवर चढवून नळ्यांच्या जोडांवरील वेल्डिंग आणि तळाचा गंज उजेडात पाहावा, बॉडी जिथे सांगाड्याला बोल्टने बसते तिथले तडे तपासावेत आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का, याची पैसे देण्यापूर्वी खात्री करावी.