भिलार: पुस्तक घेण्याआधी पारखून बघायची जागा

पाचगणीहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर भिलार. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी राज्य मराठी विकास संस्थेनं इथे 'पुस्तकांचं गाव' सुरू केलं, तेव्हा २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं मांडली होती. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, पुढे इतिहास, चरित्रं, बालसाहित्य. पुस्तक काढायचं, तिथंच बसून वाचायचं. पैसे लागत नाहीत.

पुस्तक आपल्याशी बोलतंय की नाही, हे इथं निवांत तपासता येतं. पारितोषिकांवरून ते कळत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी घ्या. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, आणि शेवटी दुष्काळानं ओस पडणारी वाडी. आटपाडीकडच्या वाचकाला त्यातली बोली घरची वाटते. पहिल्या नोकरीला परक्या गावी गेलेल्याला मास्तराचं अवघडलेपण ओळखीचं असतं, मग तो नागपूरचा का असेना. ज्याला भराभर घडामोडी लागतात त्याच्या हातून मात्र हीच कादंबरी दहाव्या पानावर सुटते. वय, बोली, वाचनाची चाल यांतलं काहीतरी जुळलेलं नसतं, एवढंच. काही वर्षांनी तोच वाचक ती एका बैठकीत संपवेल.

पहिली पाच पानं वाचा, मग मधली दोन. सुरुवात लेखकानं घासूनपुसून घेतलेली असते, खरी चाल मध्यावर कळते. संवादांचं अर्धं पान ओठांत पुटपुटून बघा. तिथं जीभ अडखळली तर पुढची दोनशे पानं जड जातात. कवितासंग्रह मात्र असा चाळू नये. एकच कविता तीनदा वाचावी.

बहुतेकांचं चुकतं ते घाईत. सहलीतला तासभर काढून दहा घरं बघितली तर हाती फोटोच लागतात. दोन घरं पुरेत, प्रत्येकी दीड तास. विषयवार मांडणीत माणूस आपल्या आवडीच्याच घरात रमतो, म्हणून दुसरं घर मुद्दाम वेगळ्या विषयाचं निवडावं.

घरं राहती आहेत, तेव्हा विचारूनच आत जावं, दुपारची जेवणाची वेळ टाळावी. पावसाळ्यात धुकं आणि संततधार, फिरणं अवघड. पण बसून वाचायला आमच्या मते तोच काळ सगळ्यात चांगला. जुळलेल्या पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि पान क्रमांक निघताना लिहून घ्या. साताऱ्यात उतरल्यावर दुकानात नाव आणि प्रकाशकच विचारतात.