दुबईच्या घराची पावती आहे, घर नाही

समृद्धी महामार्गात आमची बदनापूर तालुक्यातली जमीन गेली. मोबदल्यातून लेकीचं लग्न झालं, घर बांधलं, उरलेले बँकेत ठेवले होते. २०२४ च्या दिवाळीआधी सोयरिकीतलाच एक एजंट घरी आला. "दादा, दुबईत घर घ्या. भाडं दिरहममध्ये येईल, वर गोल्डन व्हिसा, म्हणजे तिकडं दीर्घकाळ राहायची परवानगी." मग संभाजीनगरच्या एका हॉटेलात मेळावा झाला. काचेच्या पेटीत इमारतीचा नमुना होता, त्यात एवढेएवढे दिवे लागलेले. मी ६ लाख दिरहमच्या स्टुडिओ फ्लॅटला हो म्हणालो. त्या व्हिसाला २० लाख दिरहमची मालमत्ता लागते, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बुकिंगचे २० टक्के, म्हणजे २७ लाखांच्या आसपास. बँकेतून पाठवतो म्हणालो, तर एजंट म्हणाला, "७ लाखांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतात तो कर, कापतात. ४ लाख पाण्यात जातील. रोख द्या, तिकडं पोचतात."

घात झाला तो इथंच. टीसीएस पाण्यात जात नाही हो! रिटर्न भरताना तो आपल्या करातून वजा होतो, जास्तीचा परत मिळतो. (आता ती मर्यादा १० लाख आहे.) आणि माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बँकेतून कायदेशीर पाठवता येतात. सीएला एक फोन केला असता तर पुरलं असतं.

मोंढ्यातल्या एका गाळ्यात नोटा मोजून दिल्या. मोबाईलवर दहाच्या एका नोटेचा फोटो दाखवला, "हा नंबर जुळला की पैसे पोचले समजा." आठ दिवसांनी पावती आली. प्रकल्पाचं नाव बरोबर, बिल्डरच्या नावात एक शब्द वेगळा. तो फरक मला सहा महिन्यांनी दिसला, दुसरा हप्ता मागितला तेव्हा.

शारजात कामाला असलेला भाचा बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आला. "मामा, तुमच्या नावानं इथं काहीच नाही." तिथं बांधकाम चालू असलेल्या घराचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्या बांधकामासाठी राखलेल्या खात्यातच, भरावे लागतात, २००७ पासून तसा कायदा आहे. खरेदीची नोंद 'ऊकूद' या सरकारी नोंदणीत होते. दुबई भूमी विभागाच्या 'दुबई रेस्ट' ॲपवर प्रकल्प घरबसल्या तपासता येतो. पैसे देण्याआधी हे बघायला मला दहा मिनिटं लागली असती.

तक्रार द्यायला गेलो तर साहेबांचा पहिलाच प्रश्न, "कोणत्या खात्यात पाठवले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेतून रोख काढल्याची नोंद आहे, कुणाला दिली याची नाही. वर सीए म्हणाले, असा बँकेबाहेरून पैसे पोचवण्याचा हवाला हा फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा भंग, रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बायको म्हणाली, गप्प बसा. तरी मी सगळं लिहून दिलं, दंड झाला तर भरीन.

येत्या रविवारी जालन्यात त्याच एजंटाचा मेळावा आहे असं कळलं. ज्यांना निरोप आलाय त्यांनी आधी माझ्या घरी या, ती पावती दाखवतो.