फोनमधलं अ‍ॅप की गोव्याचं रडार? बेळगाव-खानापूरकडच्यांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, नवीन फोनमधे आपोआप येतं ते हवामानाचं अ‍ॅप, त्याला माझ्याकडनं दोन स्टार आणि पणजीच्या डॉप्लर रडारला (हवामान खात्याचं, पाऊस आत्ता कुठं पडतोय ते दाखवणारं) साडेचार. दोन्ही फुकट आहेत त्यामुळं पैसा वसूल वगैरे भानगड नाही, भानगड एवढीच की भात कापून शेतात आडवं पडलंय आणि ताडपत्री आत्ता काढायची का संध्याकाळी.

अ‍ॅपवर राग का, तर ते 'बेळगाव' म्हणतं ते कुठलं बेळगाव हेच कळत नाही. आपला जिल्हा बघा की ओ. एका टोकाला कणकुंबी, मलप्रभेचा उगम, पावसाळाभर अंगावरचे कपडे वाळत नाहीत, आणि दुसऱ्या टोकाला अथणी, तिथं तेच ढग डोक्यावरनं जातात आणि खाली धूळ. जगभरची हवामानाचा अंदाज काढणारी जी मोठी कॉम्प्युटर मॉडेलं आहेत ना, ज्यांचे आकडे ही अ‍ॅपं दाखवतात, त्यांचा एकेक चौकोन साधारण ९ ते १३ किलोमीटरचा असतो आणि अख्ख्या चौकोनाला उत्तर एकच. म्हणजे जांबोटीपासनं बेळगावपर्यंत दोन-तीन चौकोन झाले आणि संपलं, एवढ्यात घाट उतरला, जंगल गेलं, पाऊस निम्म्यावर आला, ते त्यात कुठं दिसणार. वर ती टक्केवारी. ७०% म्हणजे दिवसातला सत्तर टक्के वेळ पाऊस असं आमच्याकडं निम्म्या लोकांना वाटतं. तसं नाही ते, असं वातावरण दहा वेळा झालं तर सात वेळा पाऊस पडेल एवढंच, किती पडेल ते त्यात नसतंच.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग त्यापेक्षा बरे, कारण त्यामागं ठरलेले आकडे आहेत. २४ तासांत पाऊस ६४.५ मिमीच्या वर गेला तर जोरदार, ११५.६ पासनं अति जोरदार, आणि २०४.४ च्या पुढं गेला की अत्यंत जोरदार. एक मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्यावरनं गुंठ्याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. पण इथंही आपली सीमाभागाची गंमत आहेच. खात्याच्या विभागणीत बेळगाव पडतं उत्तर आंतरिक कर्नाटकात आणि शिनोळी ओलांडून चंदगड तालुक्यात गेलात की मध्य महाराष्ट्र. ढगाला कुठला बॉर्डर आणि कुठलं राज्य, पण अंदाज दोन. उचगाव, तुरमुरीच्या बाजूचं कुणी असाल तर दोन्ही बघत जा. पश्चिमेकडचा पाऊस असल्यानं कोल्हापूरच्या घाटाचा इशारा आपल्या त्या पट्ट्याला जास्त जवळचा वाटतो, हे माझं मत.

आता रडार. पणजीचं रडार साधारण अडीचशे किलोमीटरपर्यंत बघतं, बेळगाव तिथनं सरळ रेषेत ऐंशीच्या आसपास, अथणी दोनशेच्या आत. चित्र हवामान खात्याच्या साइटवर मिळतं. ते अंदाज सांगत नाही, आत्ता कुठं पडतोय ते दाखवतं, आणि दोन-चार चित्रं एकामागं एक बघितली की पट्टा कुठं सरकतोय ते स्वतःच कळतं. निळा-हिरवा म्हणजे हलका, पिवळ्याच्या पुढं लाल गेलं की पळा. वेळ मात्र बघून घ्या, कोपऱ्यात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवायचे, नाहीतर दुपारचं चित्र सकाळचं समजून निवांत बसाल.

अर्धा स्टार कापला त्याचं कारण जुलैतली झड. पृथ्वी गोल, रडारचा किरण सरळ, त्यामुळं लांब जाईल तसा तो जमिनीपासनं वर वर जातो, आपल्यापर्यंत येईस्तोवर समुद्रसपाटीपासनं किलोमीटरभर किंवा त्याहून वर असतो. आपली भुरभुर पडते ती एकदम खालच्या राखाडी थरातनं, स्ट्रेटस म्हणतात त्यातनं. ते बरंचसं किरणाच्या खालीच राहतं, म्हणजे चित्र कोरं आणि तुम्ही अंगणात चिंब.

म्हणून ढग ओळखायला शिकणं आलंच. त्यासाठी जागतिक हवामान संघटनेचा ढगांचा अ‍ॅटलास ऑनलाइन फुकट आहे, २०१७ ची आवृत्ती, फोटो एकदम जबरदस्त, याला चार स्टार. एक कापला कारण सगळं इंग्रजीत. मुख्य प्रकार दहाच आहेत, घाबरू नका, आणि आपल्याला त्यातले चार-पाच आले तरी बास. पांढरे पिसासारखे लांब तंतू एकदम उंच दिसले तर सिरस, त्यात नुसते बर्फाचे कण, त्यातनं पाऊस खाली येत नाही. पातळ दुधी पडदा पसरला आणि चंद्राला मोठं खळं पडलं तर तो सिरोस्ट्रेटस.

खरा बघायचा तो एप्रिल-मेमधला. सकाळी आकाश साफ, अकरा-बाराला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे क्युम्युलस उगवतात, बुड सपाट आणि डोकं गोल. ते रुंद राहिले तर निवांत जेवा. पण एखादा रुंदीपेक्षा उंच वाढायला लागला तर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला सुरुवात करा, आणि डोक्याची कड विस्कटून वर ऐरणीसारखी पसरली की तो क्युम्युलोनिंबस झाला, मग वळीव, वारा, वीज, कधी गाराही. हा बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो त्यामुळं रडारला एकदम स्वच्छ दिसतो, इथं रडार आणि डोळे दोन्ही एकच सांगतात.

विजेसाठी 'दामिनी' अ‍ॅप टाका, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, लोकेशन चालू ठेवलं की आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं. चार स्टार. रेंज नसेल तिथं चमकल्यापासनं गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तिनानं भागा, तेवढे किलोमीटर. उत्तर दहाच्या आत आलं तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

अजून एक, हौशी लोकांसाठी. सांबऱ्याच्या विमानतळाचा मेटार रिपोर्ट, म्हणजे तिथल्या आत्ताच्या हवामानाची नोंद, नेटवर मिळतो, त्यात आकाशाचे आठ भाग धरून किती भाग ढगांनी भरलेत आणि ढगाचं बुड किती फुटांवर आहे ते असतं, आणि सीबी अशी अक्षरं दिसली तर क्युम्युलोनिंबस. सुरुवातीला सगळं कोड्यात लिहिल्यासारखं वाटतं पण वाचता यायला लागलं की अ‍ॅपमधलं ते हसरं सूर्याचं चित्र बघवत नाही. फक्त ते विमानवाल्यांसाठी असतं, त्यामुळं खानापूरकडच्यांनी त्यावर जाऊन धान पसरू नये.