‘रेफरन्सेस दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून जपा

प्रबंध सबमिट करायची तारीख तोंडावर आली की रेफरन्सेसनी मान टाकायची, हे ठरलेलंच. नेमक्या त्या वेळी गाठणाऱ्या लोकांचा एक धंदाच आहे. माझे पैसे गेले ते काही परत येत नाहीत, पण त्यांची पद्धत लिहून ठेवते. कोणाचे तरी वाचतील.

माझा बिघाड साधा होता. वर्डमध्ये झोटेरो (संदर्भ साठवून मजकुरात आणि सूचीत आपोआप घालणारं सॉफ्टवेअर), स्टाइल एपीए, म्हणजे संदर्भ नाव आणि वर्ष देऊन लिहायची पद्धत. एकच पेपर संदर्भसूचीत दोनदा येत होता, एकदा ‘२०१८ए’ आणि एकदा ‘२०१८बी’ म्हणून. शिवाय एका लेखिकेच्या आडनावाआधी मजकुरात मध्येच आद्याक्षर उगवत होतं. रिफ्रेश करूनही फरक नाही. ऑनलाइन भेटलेल्या या ‘एक्सपर्ट’ने स्क्रीनशॉट बघितला आणि सांगितलं, ‘मॅडम, डेटाबेस करप्ट झालाय. सगळ्या नोंदी नव्याने बांधाव्या लागतील.’ अर्धे पैसे आधी, उरलेले फाइल देताना. फाइलच्या आधी त्याने पीडीएफ पाठवली. पीडीएफ देखणी होती, पैसे चुकते झाले, मग वर्डची फाइल आली.

पुढे गाइडनी दोन संदर्भ काढायला सांगितले. मी काढले, रिफ्रेश दाबलं, तरी सूचीत ते दोन्ही जागच्या जागी. साइटेशनवर, म्हणजे मजकुरातल्या कंसातल्या संदर्भावर, क्लिक केलं तर नेहमीची करडी पट्टी उमटेना. त्याने सगळी साइटेशन्स अनलिंक करून, म्हणजे झोटेरोशी असलेली जोड तोडून, साधा मजकूर करून टाकली होती. वर्डमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबलं की एका फटक्यात हे होतं. एन्डनोटमध्ये (झोटेरोसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) तर ‘कन्व्हर्ट टू प्लेन टेक्स्ट’ केलं की वेगळी प्रतच तयार होते. जिवंत प्रत त्याच्याकडे, मेलेली तुमच्याकडे. ‘बदल करायचेत? ते वेगळं काम, वेगळे पैसे.’ खरी कमाई इथे आहे.

आणि ते ‘करप्ट’ प्रकरण? तसं काही नव्हतंच. तो पेपर झोटेरोच्या लायब्ररीत दोन वेळा शिरला होता, एकदा ब्राउझरमधून आणि एकदा पीडीएफवरून. प्रोग्रॅमला वाटलं, एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन वेगळी कामं, म्हणून त्याने वर्षापुढे अक्षरं लावली. ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये जाऊन दोन्ही नोंदी मर्ज करायच्या, बस. एक नोंद डिलीट मात्र करू नका. मर्ज केल्यावर प्रबंधातली साइटेशन्स उरलेल्या नोंदीला जोडलेली राहतात. डिलीट केलं तर काढलेल्या नोंदीचं साइटेशन अनाथ होतं आणि पुढचे बदल त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आद्याक्षराचं कारणही तसंच. एका नोंदीत त्या लेखिकेचं पूर्ण नाव, दुसरीत नुसती आद्याक्षरं, म्हणून प्रोग्रॅमला त्या दोन व्यक्ती वाटल्या. एपीएच्या नियमाने एकाच आडनावाच्या दोन व्यक्ती असल्या की मजकुरात आद्याक्षर लागतं. नाव दोन्हीकडे सारखं केलं, रिफ्रेश केलं, गेलं. चहा निवायच्या आत होणारं काम.

याहून संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. माझ्या काही नोंदींत पानांचे आकडे, डीओआय (प्रत्येक लेखाचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) नव्हते. त्याने ते ‘भरून’ दिले होते. शंका आली ती एका नियतकालिकामुळे: २०१६ सालचा खंड एका नोंदीत ४१, दुसऱ्या नोंदीत १७. म्हटलं, बघू तरी. त्याने भरलेले डीओआय एकेक करून डीओआय डॉट ऑर्गवर टाकले. एक उघडला तो भलत्याच विषयाच्या लेखावर, दुसरा अस्तित्वातच नव्हता. हे असंच सबमिट झालं असतं तर प्रश्न त्याला नाही, मला विचारले गेले असते. डीओआय १०ने सुरू होतोय एवढं बघून समाधान मानू नका. तो उघडून लेखाचं शीर्षक जुळवा.

कोणाला काम द्यायचंच असेल तर पीडीएफ बघून पैसे देऊ नका. वर्डची फाइल मागा, तिची एक प्रत करा आणि ऑल्ट-एफ९ दाबा. साइटेशनच्या जागी महिरपी कंसात ‘ॲडइन’ने सुरू होणारा लांबलचक कोड दिसला तर फाइल जिवंत आहे, नुसतं नाव आणि वर्ष दिसलं तर मेली. (परत तेच दाबलं की पूर्ववत होतं, घाबरू नका.) त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे त्या प्रतीवर स्टाइल बदलून आयईईई (संदर्भांना आकडे देणारी पद्धत) करा. सगळीकडे चौकटी कंसातले आकडे आले पाहिजेत.

झोटेरोच्या खात्याचा पासवर्डही तो ‘सिंक तपासायला’ मागत होता. तो मी दिला नाही, आणि या कामाला तो लागतही नाही. दुसऱ्याने तुमच्या खात्यातून नोंदी उडवल्या तर सिंकबरोबर त्या तुमच्या कॉम्प्युटरवरूनही जातात. झोटेरो बंद करून त्याच्या डेटा फोल्डरची अख्खी प्रत दुसरीकडे ठेवा, ‘स्टोरेज’ फोल्डरसकट.

माझी सुटका झाली ती त्याला पाठवण्याआधीची मूळ फाइल शिल्लक असल्यामुळे. तिच्यातली साइटेशन्स जिवंत होती. मर्ज, रिफ्रेश, आणि सूची सरळ.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने उत्तरादाखल माझाच जुना मेसेज मला पाठवला: ‘छान झालंय, धन्यवाद.’ पीडीएफ बघून लिहिलेला. त्यानंतर नंबर ब्लॉक.