चारही बटणे एकाच चिन्हावर, की माणूस बघून?

महापालिका निवडणुकीतला हा प्रश्न मुंबईकरांना पडतच नाही. तिथे एक प्रभाग, एक नगरसेवक, एक बटण; असे 227 प्रभाग. पुणे, नाशिक, नागपूर इथे मात्र बहुतेक प्रभागांतून चार जण निवडायचे असतात. पुण्यात तर 2002 ला तीन, 2007 ला एक, 2012 ला दोन आणि 2017 ला चार अशी दर वेळी नवी मोजणी झाली. त्यामुळे जाणत्या मतदाराचीही रांगेत चुळबुळ चालते: 'पॅनल टू पॅनल' द्यायचे, म्हणजे चारही मते एकाच पक्षाला, की क्रॉस करायचे, म्हणजे वेगवेगळ्या पक्षांत वाटायची?

आधी यंत्राचे. अ, ब, क, ड या चारही जागांची उमेदवारयादी वेगळी असते आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबावे लागते. अमेरिकेतल्या मिशिगनसारख्या काही राज्यांत एकाच खुणेत पक्षाची सगळी यादी निवडता येते (टेक्सासने ही सोय 2020 पासून बंद केली). आपल्याकडे तसे नाही. पॅनल द्यायचे तरी चिन्ह चार वेळा शोधावे लागते, आणि ते प्रत्येक यादीत त्याच क्रमांकावर असेलच असे नाही. चौथे मत पडल्यावर लांब बीप वाजते. एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर त्या जागेचे 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबायचे. तसेच निघून यायचे नाही.

पॅनलच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा सभागृहातला आहे. महापौराची निवड नगरसेवक करतात, स्थायी समितीतल्या आणि स्वीकृत (निवडणुकीविना नेमलेल्या) नगरसेवकांच्या जागा पक्षांच्या संख्याबळावर ठरतात. बजेट आणि मोठ्या निविदा स्थायीतून जातात. म्हणजे तुम्हाला आवडलेला अपक्ष कितीही धडपडा असला तरी स्थायीचे दार त्याला सहसा बंदच. शिवाय 1986 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाच्या नगरसेवकावर व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा पक्षादेश, चालतो. तुम्ही 'माणूस' बघून मत दिले तरी हात वर करताना तो पक्षाचाच असतो. शहरात कुणाची सत्ता हवी हे पक्के असेल, तर पॅनल देणे यात भाबडेपणा काही नाही.

दुसरा फायदा तक्रारीच्या वेळी कळतो. चारही नगरसेवक अख्ख्या प्रभागाचे असतात, कायद्याने गल्ल्या वाटून दिलेल्या नसतात. पक्ष वेगवेगळे असले की ड्रेनेज तुंबल्यावर हा म्हणतो 'त्यांना विचारा', ते म्हणतात 'यांनी अडवले'. आणि काम झालेच तर फ्लेक्स चार लागतात. एकाच पक्षाचे चौघे असले की निदान टोलवाटोलवीला जागा कमी.

आता पॅनलची दुखरी बाजू. पॅनल बहुतेकदा एका ओढणाऱ्या नावावर उभे असते, अनेकदा सर्वसाधारण जागेवरच्या, आणि बाकीचे त्याच्या मागून पोहोचतात. त्यात एखाद्याला एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) आदल्या रात्री मिळालेला असतो, एखाद्या महिला जागेवर नाव पत्नीचे आणि फोन नवऱ्याचा असतो. (सगळ्याच जणी तशा नसतात, उलट काही प्रभागांत काम करणारी ती एकटीच असते, आणि पॅनल पडले की तीही पडते.) क्रॉस मताचा खरा उपयोग इथे. उमेदवारांनाही ते ठाऊक असते: सभेत 'पॅनल टू पॅनल' ओरडणारेच सोसायटीच्या पार्किंगमध्ये हळूच सांगतात, 'तीन कुणालाही द्या, एक आपलं बघा.'

क्रॉस करणाऱ्यांचा एक गैरसमज मात्र मला खटकतो. 'दोन इकडे, दोन तिकडे, म्हणजे समतोल.' चार जागांची मोजणी वेगवेगळी होते. तुमच्या मतपत्रिकेतला समतोल निकालात उतरेलच असे नाही. समतोलासाठी मते वाटणे मला फुकट वाटते. कुणाला तरी नक्की निवडायचे किंवा नक्की पाडायचे असेल, तरच क्रॉस करा.

मी स्वतः तीन जागांना पक्ष बघतो, कारण त्या उमेदवारांबद्दल प्रचारपत्रकापलीकडे मला काही माहीत नसते. चौथ्या जागेवरच्या बाईंना पावसात पंप घेऊन उभ्या राहिलेले पाहिले आहे. त्यांचे चिन्ह वेगळे आहे, म्हणून चौथे बटण वेगळे. तुम्हाला असा एकही उमेदवार माहीत नसेल तर चारही एकाच चिन्हावर दाबा. आणि असे दोघे माहीत असतील तर त्या दोघांना द्या, पॅनलवाल्यांनी कितीही शपथा घातल्या तरी. बूथमध्ये जाण्याआधी फक्त एवढे करा: चार नावे, चार चिन्हे घरीच पाठ करून ठेवा. आत गेल्यावर मागची रांग खोकायला लागते आणि हात सवयीच्या चिन्हाकडे जातो.